अकरा नंबरचा श्वास

अकरा नंबरने श्वास घेतला आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. झालं ते एवढंच. पडद्याआडची मुलगी चांगली गात होती, सकाळपासूनच्या दहाजणांपेक्षा तर नक्कीच चांगली. घाई नाही, उगीच कसरत नाही, एकेका स्वरावर नीट बसून ती वर सरकत होती. गाणं ज्या षड्जावरून निघतं तोच षड्ज वर गेल्यावर पुन्हा भेटतो, आणि तो जवळ आला की ऐकणारा आपसूक पाठ ताठ करतो. मीही केली. त्याच्या अगदी उंबऱ्याशी ती थांबली, तिने अर्ध्या मात्रेचा श्वास घेतला, नाकातून, ऐकू येईल न येईल असा; श्वासाच्या शेवटी घशात बारीकशी खरखर झाली; मग वरच्या षड्जाला खालून नुसतं बोट लावलं आणि ती परत फिरली. माझ्या डावीकडे बसलेले समीक्षक हळूच 'वा' म्हणाले. उजवीकडच्या तबलजींनी डोळे मिटून मान डोलावली. माझी पेन्सिल मात्र तशीच थांबलेली होती, आणि ती कशाने थांबली हे कळायला तिचं गाणं संपावं लागलं.

ती खरखर माझी होती. श्वास तर होताच माझा, त्याची आता सवय झाली आहे. सकाळपासून अकरापैकी सहाजणांनी तो घेतला होता आणि तो माझ्या कानावरून जात होता, कानात शिरत नव्हता. पण खरखर? ती मी कुणाला शिकवलेली नाही. ती फक्त एका ठिकाणी आहे, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारच्या ध्वनिमुद्रणात, आणि ते ध्वनिमुद्रण आमच्या संस्थेच्या सगळ्या केंद्रांमध्ये 'आदर्श' म्हणून ऐकवलं जातं. त्या दिवशी माझ्या छातीत कफ होता. तो कफ या पोरीने घोटून घोटून गळ्यात बसवला होता. मला एकदम हसू आलं, आणि हसू बाहेर पडू नये म्हणून मी रुमाल तोंडाला लावला, तेव्हा समीक्षकांना वाटलं बाईंना भरून आलं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

हा पडदाही माझाच उद्योग. मी संस्थेची संचालक झाले तेव्हा निवडीच्या दिवशी समितीसमोर उमेदवार येऊन बसायचे, आणि मग कोण कुणाचा भाचा, कुणाची सून, कुणाच्या शेजारणीची मुलगी, असा सगळा गोतावळा त्यांच्याबरोबर येऊन बसायचा. मी एका बंद पडलेल्या नाट्यगृहाचा जुना हिरवा पडदा मागवला, खोलीच्या मधोमध टांगला, उमेदवारांना मागच्या दारातून आणायला लावलं, चपलांचा आवाज नको म्हणून सतरंजी अंथरली. पहिल्याच वर्षी पडद्याखालून पाय दिसत होते आणि तबलजींनी आपला पुतण्या अंगठ्यावरून ओळखला. मग खालच्या शिवणीत शिशाच्या गोळ्या घालून पडदा जमिनीला टेकवला. नाव नाही, गाव नाही, गुरू नाही, फक्त नंबर आणि आवाज. सगळे म्हणाले, बाई, तुम्ही न्याय आणलात. आजची निवड नेहमीपेक्षा मोठी आहे. या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे, आणि माझं ते जुनं ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून नव्या गळ्याचं एक करायचं ठरलंय. आज जो निवडला जाईल त्याचं गाणं पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळी केंद्रं 'असं गायचं असतं' म्हणून ऐकणार. म्हणजे मी गेल्यावर निदान माझा श्वास तरी जाईल अशी सोय होती, आणि ही अकरा नंबर तो खरखरीसकट घेऊन आली होती.

ती दुपार मला पुसता आलेली नाही. सभागृह अर्धवट भरलेलं, उंच खिडक्यांतून ऊन थेट मंचावर येत होतं आणि तंबोऱ्याच्या तारा डोळ्यात चमकत होत्या. आठवडाभर तापाने पडले होते. घरी ह्यांनी सांगितलं होतं, नको जाऊस, मैफली काय कमी आहेत का. पण मी छत्तीस वर्षांची होते, नाव नुकतं कुठे लागायला लागलं होतं, आणि पुढच्या रांगेत बुवा येऊन बसणार होते. बुवांकडे मी बारा वर्षं शिकले. वरच्या षड्जाबद्दल ते एकच गोष्ट सांगायचे: "घरी आलीस ना? मग दारात काय उभी राहतेस, आत ये, बैस." आणि मी आत जाऊन बसायची. तेव्हा बसता यायचं. आवाज वर लागला की डोक्याच्या मागे, मानेच्या थोडं वर, काहीतरी उघडायचं, आणि मग दम संपेपर्यंत मी तिथे नसायचीच, नुसता तो स्वर असायचा. माझ्या आयुष्यात मला सुख म्हणून जे काही माहीत आहे ते तेवढंच. संसारातही मी सुखी होते, पण ते सुख मोजून-मापून होतं. त्या दुपारी मी नेहमीसारखी वर गेले, आवाज लावला, आणि आवाजाऐवजी कापड फाटल्यासारखं काहीतरी आलं, आणि मग काहीच आलं नाही, नुसती हवा. क्षणभरच. मी श्वास घेतला, कफ खरखरला, षड्जाला घाबरत घाबरत बोट लावलं आणि पळून खाली आले. कुणाच्या लक्षात आलं नाही. फाटलेला भाग टाळ्यांमध्ये बुडाला होता, कारण नेमकं त्याच वेळी तबल्याने सम गाठली होती. ध्वनिमुद्रणात तर तो मुळीच ऐकू येत नाही. फक्त श्वास ऐकू येतो. बुवा मैफल संपल्यावर मंचामागे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं वाटतंय ना तुला?" त्यानंतर ते वर्षभर होते, पण त्यांनी मला पुन्हा कधी समोर बसवून गायला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. लिहिणारे हेच, आता माझ्या डावीकडे बसलेले. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि लेखणी आजच्यापेक्षा धारदार होती. त्यांनी लिहिलं होतं की या गायिकेने शिखर दाखवलं पण त्यावर उभं राहण्याचा मोह टाळला, आजच्या आरडाओरड्याच्या काळात असा संयम दुर्मीळ आहे. मी ते वाचलं तेव्हा डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. आत गेल्यावर डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, हात धुतले आणि टॉवेलला पुसत पुसत सांगितलं, "एका स्वरतंतूवर व्रण राहणार तुमच्या. बोलायला काही त्रास नाही. गायलाही हरकत नाही, पण वरच्या स्वरावर थांबायचं नाही. स्पर्श करायचा आणि परत यायचं." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "दिवस नाही हो." घरी आल्यावर मी वर्तमानपत्र आणि डॉक्टरांचा कागद दोन्ही ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी दोन्ही वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे घसा बसला आणि नाव वर आलं." आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मी रडायला लागले, तेव्हा ते उठून चहा करायला गेले, कारण त्यांना रडणाऱ्या माणसाजवळ बसता येत नसे. ठरवून असं काही ठरलं नाही. एक आमंत्रण आलं, मग दुसरं, आणि प्रत्येक ठिकाणी लोक त्या श्वासाची वाट बघायला लागले. मी तो घ्यायची आणि सभागृहात एक उसासा फिरायचा. हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. डॉक्टर त्याच्या आधीच गेले. म्हणजे ही गोष्ट माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच.

लोकांपुढे खोटं गाण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर. लोक तिकीट काढून येतात, त्यांना जे हवं ते घेऊन जातात. वाईट आहे ती शिकवणी. चिमणी माझ्याकडे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. चिमणी हे नाव ह्यांनी ठेवलं, कारण पोहे दिले तरी ती एकेक दाणा उचलून खायची. अंगात काही नव्हतं, आवाज कुठून यायचा कोण जाणे. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी ती आलाप करता करता वर गेली आणि तिथे राहिली. मी सांगितलं नव्हतं. तिला कुणी अडवलं नव्हतं म्हणून ती राहिली. आवाज अजिबात न ताणता, तोंड अर्धवट उघडं, डोळे समोरच्या कपाटाच्या कडीवर, आणि तो षड्ज असा लागला की मी खिडकीच्या काचेकडे पाहिलं. मला वाटलं ती वाजतेय. माझ्या मानेच्या वर, डोक्याच्या मागे, जे सहा-सात वर्षं बंद होतं ते दुखलं. मी तंबोरा छेडत होते. मी तळहात तारांवर ठेवला. खोली एकदम मुकी झाली आणि चिमणी दचकून थांबली. मी म्हटलं, "आपल्याकडे वर थांबत नाहीत." इतक्या शांतपणे म्हटलं की माझं मलाच ते बुवांचं वाटलं. ती म्हणाली, "बरं, बाई." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा थांबली, मुद्दाम नाही, गळाच तसा होता बिचारीचा. मी पुन्हा हात ठेवला. मग रोज. ती वर गेली की तारा बंद. मला हे काम पुरं करायला दोन वर्षं लागली, आणि ज्या दिवशी तिने पहिल्यांदा आपणहून श्वास घेतला, बोट लावलं आणि परत आली, त्या दिवशी मी तिची पाठ थोपटली. हा मत्सर होता. त्याला दुसरं नाव मला कधीच सापडलं नाही आणि मी शोधलंही नाही.

पुढचं सगळं कागदावर झालं. चिमणी शिकून दुसऱ्या गावी केंद्र चालवायला गेली, मी आधी वर्ग घ्यायला म्हणून संस्थेत आले, मग विभागाची प्रमुख झाले, मग या खोलीत, या टेबलामागे आले, जिथे दिवसाला तीस सह्या कराव्या लागतात आणि गायला फक्त उद्घाटनाच्या दिवशी सांगतात. अभ्यासक्रम नव्याने लिहायची टूम निघाली तेव्हा समितीने माझी ध्वनिमुद्रणं ऐकून कलमं पाडली. एक सदस्य वही उघडून बसले होते, म्हणाले, "बाई, ते वरच्या षड्जाचं तुमच्या शब्दांत सांगा, म्हणजे तसंच घालतो." तोंडून जे निघालं ते मी सांगितलं: स्पर्श करायचा आणि परत यायचं. त्यांनी ते 'अल्प विरामानंतर स्पर्श करून परतावे' असं नीट करून तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात घातलं, त्याला पंधरा गुण ठेवले, आणि मी सही केली. डॉक्टरांनी मला दिलेलं पथ्य तेव्हापासून धडधाकट गळ्याची मुलं पाठ करतात. कधीतरी तपासणीला गेलं की एखाद्या केंद्रात, एखाद्या कोंदट वर्गात, पंधरा-वीस मुलं एकदम वर चढताना दिसतात आणि पंधरा-वीस नाकं एकदम श्वास घेतात. मी हसून मान डोलावते. मला नंतर घरी जेवण जात नाही.

पंधरावा नंबर गाऊन गेला तेव्हा एक वाजला होता. शिपायाने खिडक्या उघडल्या, समीक्षकांनी पाय लांब केले आणि म्हणाले, "मला वाटतं फार खल करायची गरज नाही. अकरा."

"अकराच," तबलजी म्हणाले. "लयीला पण पक्की आहे पोरगी. आणि ती वरची जागा काय घेतली हो! आपण बाईंनाच ऐकतोय असं वाटलं."

"ती जागा नको होती," मी म्हटलं.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी कागदावरचे रकाने बघत राहिले. "म्हणजे तिचा गळा वर राहू शकतो. ती राहत नाही. सहाही नंबर राहत नाही, नऊही नाही. सगळी तिथूनच परत येतात. हा दोष आहे असं मला वाटतं."

समीक्षक मोठ्याने हसले. त्यांचं हसणं मला आवडतं, फार वर्षांचा स्नेह आहे. "बाई, तुम्ही जन्मभर स्वतःचं कौतुक होऊ दिलं नाहीत, आता जाता जाता तरी होऊ द्या. संयमाला दोष म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तो संयम नव्हता."

"मी लिहिलंय ना," ते म्हणाले, आणि फार प्रेमाने म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी त्या एका वाक्यावर तीन पुस्तकं उभी केली आहेत. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, घरी बायको अंथरुणाला खिळलेली आहे, आणि गाणं या माणसाला अजून रडवतं. मी म्हटलं असतं, अहो, तो कफ होता, तर त्यांच्याकडे काय राहिलं असतं? आणि माझ्याकडे? हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आडोशाला उभा होता, मला दिसत होता. मी म्हटलं, "ठीक आहे." कागदावर अकरा लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. तीन वाजता शिपाई तो कागद न्यायला येणार होता, तोवर तो माझ्याच टेबलावर राहणार होता. माझ्या खोलीत येऊन मी तो समोर ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, आणि दारातून बाहेर पाहिलं तर समोरच्या बाकावर चिमणी बसली होती. चौतीस वर्षांची झाली तरी तशीच काडी, मांडीवर थर्मास. तिच्याशेजारी एक मुलगी पाठ टेकून डोळे मिटून बसली होती. तेव्हा मला कळलं अकरा नंबर कुणाची ते. पडद्यामागून माझा आवाज घेऊन आलेली ती माझ्या चिमणीची होती.

मी चिमणीला आत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"बाई, तुम्ही मला काही विचारायचं नाही आणि मी काही सांगायचं नाही," ती दारातच म्हणाली. "नियम तुमचेच."

"निकाल लागलाय. सह्या झाल्यात. तुझीच ना ती?"

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "माझीच. आठ वर्षं झाली माझ्याकडे. झाली का हो निवड? बाई, खरंच? तुमची ती टेप आहे ना, ती तिने इतकी ऐकलीय, इतकी ऐकलीय, की घरचे कंटाळले. श्वासाचा आवाजसुद्धा तसाच यायला हवा म्हणून रोज पहाटे बसायची."

"बस," मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. ताप, फाटलेला आवाज, बुवांनी डोक्यावर ठेवलेला हात, डॉक्टरांचा टॉवेल. इतकी वर्षं मनात घोळलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. चिमणी आधी हसत होती, बाईंना निवृत्तीमुळे काहीतरी होतंय अशा समजुतीने. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं पण डोळ्यांतून गेलं.

"मग मी वर थांबायचे तेव्हा तुम्ही तारांवर हात ठेवायचात," ती म्हणाली, "तो कशासाठी?"

"तुझा आवाज मला सहन व्हायचा नाही."

ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली. उघडायचं आणि लावायचं. "मला वाटायचं माझं काहीतरी चुकतंय. घरी जाऊन रडायचे मी. आई म्हणायची, सोडून दे गाणं. तुम्हाला माहीत होतं, बाई?"

"माहीत होतं. डोळे सुजलेले असायचे तुझे."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी उठले, कपाटाशेजारचा तंबोरा काढला, गवसणी सोडली, खुर्च्या बाजूला सारून खाली बसले. गुडघे कुरकुरले. मी तारा जुळवत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, अगदी स्पष्ट: तो षड्ज हिच्या गळ्यात अजून शिल्लक असेल तर टेबलावरचा कागद फाडायचा. समीक्षकांना बोलवायचं, तबलजींना बोलवायचं, हिला त्यांच्यापुढे बसवायचं आणि म्हणायचं, ऐका, असं असतं ते, मी तुम्हाला आजवर फसवलं. पुस्तकातलं कलम काढायचं. महिनाअखेरपर्यंत तेवढं होईल. तो शिल्लक नसेल तर मग मी नुसतं स्वतःचंच गाणं बुडवलं असं नाही, हिचंही बुडवलं.

"ये. गा."

"आत्ता? जेवणाची सुट्टी आहे, बाई."

"गा गं चिमणे."

ती समोर बसली. तारा सुरू झाल्या. पहिल्यांदा गेली ती सवयीने गेली. श्वास, बोट, परत. मी मान हलवली, छेडणं थांबवलं नाही. "थांब तिथे. मी काही करणार नाही. थांबून बघ." ती पुन्हा खालून निघाली. तिचा आवाज आता भरलाय, थोडा जड झालाय, शिकवून शिकवून कडा झिजल्यात. ती वर आली, उंबऱ्याशी आली, तिच्या नाकपुड्या हलल्या, पण तिने श्वास घेतला नाही. ती आत गेली. आणि तो लागला. तोच, वीस वर्षांपूर्वीचा, कुठेही न दुखता, कुठेही न ताणता. खोलीतल्या फायलींवरून, टेबलावरून, माझ्या हातावरून तो पसरला आणि माझ्या मानेच्या वर काहीतरी खरोखरच उघडायला लागलं. जिवंत आहे, माझ्या मनात आलं, देवा, जिवंत आहे. माझी बोटं तारांवर चालू होती. चिमणीचे डोळे मिटलेले होते. त्या मिटलेल्या डोळ्यांनीच तिने हात पुढे केला, चाचपडत नाही, अगदी सरळ, आणि माझ्या तंबोऱ्याच्या तारांवर तळहात दाबून ठेवला.

खोली मुकी झाली. तिने डोळे उघडले.

"चुकलं, बाई," ती म्हणाली. "परत घेते."

तिने हात काढला नव्हता. तो तिथे आहे हे तिला कळलंही नव्हतं. तिच्या तळहाताखाली माझी बोटं होती आणि ती मला हलवता येत नव्हती. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि दार थोडं उघडून ती मुलगी आत डोकावली. अकरा नंबर. गोल चेहरा, कपाळावर घाम, एकोणीस-वीस वर्षांची. आमच्याकडे, खाली बसलेल्या दोन बायकांकडे आणि मधल्या तंबोऱ्याकडे तिने पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"ताई, काय झालं? बाहेर ऐकू आलं," ती चिमणीला म्हणाली. "वर अडकलात का तुम्ही? घसा बसलाय?"

चिमणी माझ्याकडे बघत होती, चौदाव्या वर्षी बघायची तशी, बाई काय म्हणतात त्याची वाट बघत. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. तिचा घसा चांगला आहे, बाळ, माझा बसला होता. शब्द पार तोंडाशी आले. मी श्वास घेतला, नाकातून, आणि त्याच्या शेवटी घशात खरखरलं.

"पाणी पी जरा," मी चिमणीला म्हटलं.

तिने माझ्याकडे आणखी क्षणभर पाहिलं. मग तारांवरचा हात उचलला, साडीला पुसला, आणि मुलीकडे वळून म्हणाली, "हो गं. जरासा बसलाय." मी टेबलाला धरून उठले आणि कागदावरचा ग्लास उचलून तिला दिला.